दगडी वास्तू आणि चित्रकार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात प्रवासातील रेखाटनांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर जुन्या दगडी वास्तूंविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून जलरंगात काम करतो. पत्नीसह वर्षातून दोन-तीन वेळा जुनी देवळे, लेणी, किल्ले पाहायला जातो. तेथे मन भरून येते, आता यावर चित्रांची मालिका करावी असे वाटते. पण घरी येऊन रंगवले की चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे दिसते. प्रत्यक्ष जागेवर जे वाटले ते कागदावर का उतरत नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : प्रेरणा आपल्याला मिळते आहे, याविषयी मला शंका नाही. ती मिळाल्यानंतर आणि चित्र सुरू करण्यापूर्वी जो एक टप्पा असतो, तो राहून जातो आहे. भव्यता आणि प्राचीनता यांनी आपण भारावतो, पण या दोन्ही गोष्टी थेट रंगवता येत नाहीत. रंगवता येतो तो दगड, त्याने उचललेला भार आणि त्या घटकेला त्याच्यावर पडलेला उजेड. एखाद्या वास्तूत दगड नेमके कोणते काम करतो आहे हे कळले, की कोठे बसायचे, काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचे निर्णय आपसूक होऊ लागतात. ते कळलेले नसेल तर आपण समोर मधोमध उभे राहून कळसापासून पायरीपर्यंत सगळे देऊळ कागदात बसवतो. ओळख पटवणे एवढेच काम असलेल्या कॅलेंडरला ते शोभते, पण आपल्याला चित्राकडून त्याहून अधिक काही हवे आहे.

आपण सांगलीचे आहात, म्हणून आपल्याला जवळचे पडेल असे उदाहरण घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूर आहे. तेथील कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळात, १२व्या शतकात उभे राहिले असे मानले जाते. यादव राजा सिंघण याचा १३व्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही तेथे आहे. मुख्य मंदिराच्या पुढे स्वर्गमंडप आहे. त्याच्या छताच्या मधोमध सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे सोडलेले आहे, त्याच्या बरोबर खाली जमिनीत तशीच गोल शिळा बसवलेली आहे आणि वर्तुळाभोवती १२ खांबांचे कडे आहे. बाहेरचे खांब धरले तर मंडपात एकूण ४८ खांब भरतात. येणारे बहुतेक लोक शिळेवर उभे राहून मान वर करतात, आकाशाच्या गोलाचा फोटो काढतात आणि पुढे जातात. चित्रकाराने तेथे थांबावे आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा, की या मंडपात खांब एवढे दाट का आहेत?

दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई फार लांब असेल तर ती खालच्या अंगाने तडकते, म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात. या एका कारणातून त्या जागेची सगळी लय निर्माण झाली आहे. मंडपात कोठेही बसले तरी जवळच्या खांबाआडून दुसरा खांब आणि त्याच्याआडून तिसरा दिसतो, आणि मधल्या फटींतून बाहेरच्या उन्हाच्या उभ्या पट्ट्या आत येतात. हे ध्यानात आले, की आपण खांब मोजून काढण्याऐवजी त्या पट्ट्यांच्या कमीजास्त रुंदीकडे पाहू लागतो. माझ्या मते खिद्रापूरचे खरे चित्र तेथे आहे, वरच्या वर्तुळात नाही.

एखादा खांब अगदी जवळून पाहावा. त्याचा काही भाग चौकोनी आहे, काही अष्टकोनी, काही गोल, आणि गोल भागावरची वलये इतकी तलम आहेत की ती चरकावर उतरवल्यासारखी वाटतात. चौकोनी भागावर उजेड आणि सावली कडेशी एकदम तुटतात. अष्टकोनी भागावर त्यांच्या मधल्या दोन-तीन पायऱ्या दिसतात. गोल भागावर उजेड सावकाश सावलीत विरतो. उजेड कसा रंगवायचा, याचे तीन निरनिराळे धडे एकाच खांबात वरखाली मांडलेले आहेत. पेन्सिलीने तेवढाच एक खांब, त्याच्या तळखड्यापासून तुळईपर्यंत, मन लावून काढला तर मंडपातील उरलेले खांब मोजक्या रेषांत सुचवता येतात.

आता वरून येणाऱ्या उजेडाविषयी. खिद्रापूर सुमारे पावणेसतरा अक्षांशांवर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उन्हाचा कवडसा खालच्या गोल शिळेवर उतरतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य सुमारे ५० अंशांवरच राहतो. त्यामुळे कवडसा उत्तरेकडे सरकून खांबांच्या अंगावर चढतो आणि त्यांची कोरीव वलये तिरप्या उजेडात उठून दिसतात. मंडप तोच असला तरी ही दोन पूर्णपणे वेगळी चित्रे आहेत. स्वर्गमंडपातून सभामंडपात आणि तेथून गर्भगृहाकडे जाताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. आत जाऊन थोडा वेळ बसावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग बाहेर तोंड करून काढावे. मोकळ्यावर उभे राहून देवळाचे दार काढले तर ते केवळ एक काळे भोक दिसते. आतून पाहिले तर तेच दार चित्राची चौकट होते.

यासाठी कामाची पद्धत थोडी बदलावी लागेल. पोहोचताच रंग उघडू नयेत. आधी वास्तूभोवती एक फेरी मारावी आणि वहीत तिचा लहानसा आराखडा मांडावा. तो मापात असण्याची गरज नाही. भिंत कोठे, खांब कोठे आणि सूर्य कोणत्या बाजूला एवढे त्यात आले तरी पुरे. नंतर तळहाताएवढ्या चौकटींत फक्त उजळ, मध्यम आणि गडद अशा तीन छटांत काही मांडण्या करून पाहाव्यात. त्यांतील जी मांडणी तपशिलाशिवायही तग धरते तीच रंगवायला घ्यावी. शक्य असेल तर एकाच वास्तूकडे दिवसातून दोन वेळा, निदान दोन ऋतूंत जावे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९२ आणि १८९३ मध्ये रूआँ येथील कॅथीड्रलची एकच दर्शनी बाजू ३०हून अधिक कॅनव्हासवर रंगवली; तो समोरच्या इमारतींतील खोल्यांत बसून, उजेड पालटला की कॅनव्हास पालटून काम करत असे. त्यांतील २० चित्रे १८९५ मध्ये पॅरिसमध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा दगड हा उजेडाप्रमाणे रूप बदलणारा विषय आहे हे प्रेक्षकांना डोळ्यांनी पाहता आले. वर्षाला दहा ठिकाणे पाहण्याऐवजी दोनच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याचा विचार आपण दोघांनी जरूर करावा.

प्रश्न : काळ्या दगडाचे देऊळ किंवा घाट रंगवताना माझे चित्र मळकट होते. काळा रंग कमी वापरला तर दगड दगडासारखा वाटत नाही, आणि जास्त वापरला तर चित्र मरते. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाशिकच्या गोदाघाटावर जलरंगात काम केलेल्या चित्रकारांची मोठी परंपरा आपल्या शहराला आहे, तेव्हा हा प्रश्न तेथून यावा याचा मला आनंद वाटतो.

आपण ज्याला काळा दगड म्हणतो तो बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा दगड आहे. ताज्या फुटलेल्या कपारीत तो निळसर करडा असतो. त्यात लोह असल्यामुळे वर्षानुवर्षे हवा-पाणी खाल्लेला पृष्ठभाग तांबूस तपकिरी होतो. पावसाचे पाणी ज्या वाटेने उतरते तेथे शेवाळ्याचे काळे ओघळ उमटतात, सावलीच्या अंगाला दगडफुलाचे राखाडी, फिकट पिवळे ठिपके धरतात, आणि नंदीची पाठ, उंबरठा, खांबाचा खालचा भाग अशा हाताच्या व तेलाच्या जागा तेवढ्या खरोखर काळ्या आणि तुकतुकीत होतात. एका देवळावर एवढे रंग असताना सगळीकडे ट्यूबमधला काळा लावला तर चित्र निर्जीव होणारच.

दुसरे असे, की दगड काळा आहे ही माहिती आपल्या मनात असते आणि ती डोळ्यांच्या आड येते. भर उन्हातला काळा चिरा आणि सावलीतली चुन्याची पांढरी भिंत एकमेकांशेजारी आली, तर दोन्ही जवळजवळ सारख्याच उजळ दिसू शकतात. डोळे किलकिले करून पाहिले तर हे लगेच पटते. म्हणून उन्हातला दगड धीटपणे फिका ठेवावा. रॉ सिएनात (पिवळसर मातकट रंगात) बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) अंश घेऊन पहिला हात उबदार द्यावा, आणि तो पूर्ण वाळू द्यावा. नंतर सावलीचा सगळा आकार अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाने एकसलग, एका दमात भरावा. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खाचांत बसतात आणि दगडाचा रवा त्यातून आपोआप मिळतो. त्यासाठी वेगळी ठिपकेबाजी करावी लागत नाही. सावली ओली असतानाच, छज्जाच्या खालच्या अंगाला किंवा तुळईच्या पोटाशी थोडा तांबूस रंग सोडावा, कारण फरशीवरून उसळलेले ऊन तेथे पोहोचलेले असते. आकाशाकडे तोंड केलेल्या पायऱ्या आणि जोत्याच्या कडा मात्र सावलीतही निळसर दिसतात. मळकटपणा बहुधा अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवल्याने किंवा एका मिश्रणात चार-पाच रंग घातल्याने येतो. दोन रंगांत भागवण्याची सवय लावली तर तो बराचसा जाईल. अगदी गडद रंग शेवटी, सांध्यांत आणि दाराच्या कोपऱ्यात, तोही मोजका.

हाताला वेगळी सवय लागावी म्हणून कोकणात किंवा गोव्यात गेलात तर जांभा दगड अवश्य रंगवा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की चिरे सहज कापता येतात, आणि उघड्या हवेत तो कडक होत जातो. त्याच्या अंगाला छिद्रे असतात; त्यामुळे त्यावरची नक्षी बारीक नसते आणि कडा बोथट असतात. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चवरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेल्यामुळे तेथे जांभा उघडाच दिसतो, आणि दर्शनी भागातील कोरीवकाम मात्र काळ्या दगडात आहे. बारीक कोरीवकाम बेसॉल्टमध्ये आणि भिंतीची राशी जांभ्यात, असे दोन्ही दगडांचे स्वभाव एकाच भिंतीवर शेजारी पाहायला मिळतात, आणि उबदार-थंड रंगांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

प्रश्न : आम्ही नेहमी गटाने सहलीला जातो. एका ठिकाणी अर्धा तासही मिळत नाही. मोबाइलवर फोटो काढून घरी रंगवले तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, पण फोटोला एका लहान रेखाटनाची जोड हवी. मोबाइल उजेड आणि सावली यांतले अंतर स्वतःच्या हिशेबाने कमीजास्त करतो, आणि त्याचे रुंद भिंग जवळून घेतलेल्या भिंती मागे कलल्यासारख्या दाखवते. म्हणून हाताशी दहाच मिनिटे असतील तर त्यांतील आठ वहीला द्यावीत. त्यात नजरेची रेषा नेमकी कोणत्या थरावर येते, सर्वांत उजळ जागा कोणती, सर्वांत गडद कोणती, सावलीचा रंग कोणत्या बाजूला झुकतो आणि वेळ काय, एवढे शब्दांत लिहून ठेवले तरी पुष्कळ. माणूस किंवा गाय वास्तूजवळून जात असेल तर तेवढी आकृती जरूर टिपावी, कारण मापाचा अंदाज घरी आल्यावर हटकून सुटतो. फोटो मग नक्षीच्या तपशिलापुरता वापरावा.

प्रश्न : अंबरनाथचे शिवमंदिर आमच्या घरापासून जवळ आहे. मी अनेकदा तेथे जाऊन बसते, पण भिंतीवर इंचभरही जागा कोरीवकामाशिवाय नाही. काढायला लागले की नक्षीत अडकते आणि देऊळ हरवते. किती तपशील घ्यावा? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : आपण निवडलेले मंदिर सोपे नाही, पण शिकण्यासाठी उत्तम आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ दिलेला आहे. त्याचे शिखर आज पूर्ण राहिलेले नाही, त्यामुळे नजर आपोआप भिंतीवर खिळते, आणि भिंत एका सपाट पातळीत नाही. ती पुढे येते, मागे सरते, पुन्हा पुढे येते. कोपऱ्यांमागून कोपरे निघतात. कारागिरांनी आधी हे मोठे घाट ठरवले, मग आडवे थर पाडले आणि नंतर त्या थरांत मूर्ती व नक्षी कोरली. आपणही त्याच क्रमाने जावे. पहिल्या बैठकीत मूर्ती अजिबात काढू नयेत. फक्त उभ्या कोपऱ्यांची घडी आणि आडव्या थरांच्या सावल्या काढाव्यात. प्रत्येक थराखाली एक सावलीची रेघ असते, आणि त्या रेघा बरोबर जुळल्या तर नक्षी नसतानाही ते अंबरनाथच वाटते.

दुसऱ्या बैठकीत जेथे उन्हाची आणि सावलीची सीमा येते तेवढ्याच पट्ट्यातले कोरीवकाम घ्यावे. नक्षी खरी स्पष्ट तेथेच दिसते. पूर्ण उन्हात ती विरघळते आणि पूर्ण सावलीत ती डोळ्यांना जाणवते, पण मोजता येत नाही. म्हणजे किती तपशील घ्यावा हे त्या घटकेचा उजेडच सांगत असतो. झिजलेली मूर्ती झिजलेलीच काढावी. तुटलेला हात किंवा नाक कल्पनेने पूर्ण करण्याचा मोह टाळावा. झीज हा त्या दगडाचा खराखुरा इतिहास आहे, आणि कोणत्या कडा पाण्याने गेल्या व कोणत्या वाचल्या हे पाहिले तर छज्जाने भिंतीचे कसे रक्षण केले हेही समजते.

मात्र तपशिलाचा तिरस्कार करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस, पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची रेखाटने केली. त्यांतील कित्येक आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत. एका मराठी चित्रकाराने छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी इतक्या निष्ठेने लेणी कागदावर उतरवली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ती शाळेच्या चित्रकलेच्या तासाला सांगितली गेली पाहिजे. तांबटांचे काम नोंदीचे होते, म्हणून त्यांना प्रत्येक अवयव मोजून घ्यावा लागला. आपल्याला नोंद करायची आहे की चित्र, हे बसण्यापूर्वी ठरवावे. एका वहीत दोन्ही करता येतात, पण एका कागदावर दोन्ही करू गेले तर आपण म्हणता तशी अडचण होते.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो. मला कार्ल्याची आणि वेरूळची आठवण येते, पण येथील जुनी चर्चेस परकी वाटतात. त्यांतून चित्र सुचेल का? (एक वाचक, न्यूकॅसल)

उत्तर : आपल्यापासून जवळच डरहमचे कॅथीड्रल आहे. त्याचे बांधकाम १०९३ मध्ये सुरू झाले, म्हणजे अंबरनाथच्या शिलालेखानंतर अवघ्या तेहेतीस वर्षांनी. तेथे आत जाऊन मोठ्या दालनातील गोल खांबांपाशी बसा. त्यांचा परीघ आणि उंची जवळजवळ सारखीच, सुमारे ६.६ मीटर आहे, आणि वालुकाश्मात नागमोडी पट्ट्या, शंकरपाळ्यासारखे चौकोन आणि उभ्या पन्हळी खोल कोरलेल्या आहेत. त्या नक्षीमुळे एवढा अवजड खांबही हलतो आहे असे वाटते. वर पाहिले तर तुळया नाहीत. दगडी फासळ्या एकमेकींना छेदून छत पेलतात. कमानी छत खाली भार देते आणि बाहेरही रेटा देते, म्हणून भिंती जाड आणि खांब बलदंड ठेवले आहेत. खिद्रापूरला खांब दाट आणि तुळई आखूड, डरहमला खांब जाड आणि अंतर मोठे. दगडाचा गुणधर्म एकच, त्याच्यावर काढलेले तोडगे दोन.

कार्ल्याची आठवण येते असे आपण लिहिले आहे, म्हणून तुलनेसाठी एक गोष्ट सुचवतो. कार्ल्याचा चैत्य डोंगरातून कोरून काढला असल्यामुळे तेथील खांबांवर प्रत्यक्षात छताचा भार नाही, आणि छताला लावलेल्या खऱ्याखुऱ्या लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. त्याही काही पेलत नाहीत. तेथे उजेड दर्शनी भागातील मोठ्या गवाक्षातून येतो आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना स्पर्श करत टोकाच्या स्तूपापर्यंत जातो. डरहमला तो दोन्ही बाजूंच्या वरच्या खिडक्यांतून उतरतो आणि उत्तरेकडचे हवामान ढगाळ असल्यामुळे बहुधा मऊ, सावलीच्या कडा न दाखवणारा असतो. अशा उजेडात रंगापेक्षा छटांवर काम चांगले होते, तेव्हा सुरुवात सेपिया या तपकिरी रंगाने किंवा कोळशाने करा. सुटीत इकडे याल तेव्हा कार्ल्याला त्याच मापाच्या कागदावर, तशाच कोळशाने, प्रवेशाजवळ बसून काढा आणि दोन्ही रेखाटने आम्हाला पाठवा. पुढील एखाद्या अंकात ती शेजारी शेजारी छापायला आम्हाला आवडेल.